महामार्गाची रांग घरापर्यंत येते तेव्हा : माणिकपूरकरांसाठी तयारी आणि मागण्या

माणिकपूर काही महामार्गावर वसलेलं नाही. अंबाडी रोडने रेल्वेवरचा पूल ओलांडायचा, एव्हरशाईन, गोखिवरे, सातिवली मागे टाकायची, तेव्हा कुठे वसई फाट्याला मुंबई–अहमदाबाद महामार्ग लागतो. पण त्या महामार्गावर कंटेनरची रांग लागली, की तिची झळ माणिकपूरच्या घराघरांत पोहोचते. मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात न्यायचा रुग्ण, वालीवच्या कारखान्यात वेळेवर पोहोचायचा कामगार, ठाण्याला कॉलेजात जाणारी मुलगी, गोखिवऱ्याच्या गाळ्यातून माल भरून निघालेला टेम्पो, सगळे त्याच रांगेच्या मागे उभे असतात.

२०२५ सालाने या रांगेची किंमत आपल्याला दाखवली. जुलैच्या अखेरीस पालघर भागातून मुंबईला नेली जाणारी एक महिला, तिची रुग्णवाहिका कोंडीत अडकल्याने, दगावली. सप्टेंबरमध्ये नालासोपाऱ्याच्या पेल्हार भागातलं, इमारतीवरून पडलेलं एक तान्हं मूल वसईच्या हद्दीत याच महामार्गावर अडकलं आणि वाचलं नाही. ऑक्टोबरमध्ये शाळेच्या सहलीहून परतणाऱ्या शेकडो मुलांच्या बस वसईजवळ तासन्‌तास उभ्या राहिल्या. मुलं भुकेली, तहानलेली, आणि घरी आईवडील फोन हातात घेऊन बसलेले.

अशा बातम्यांनंतर दोन दिवस संताप होतो आणि मग सगळं थंडावतं. हा लेख त्या थंडावण्याच्या विरोधात आहे. रांग लागलीच तर घरात काय तयारी हवी, आणि ती लागूच नये म्हणून कुणाकडे नेमकं काय मागायचं, अशा दोन गोष्टी इथे सांगायच्या आहेत. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. माल बंदरात जाणारच आणि गाड्या कुठेतरी थांबणारच. त्या कुठे आणि किती वेळ थांबणार हे कुणी आधी ठरवलं नाही, तर ती जागा आपला रस्ता असतो.

रांग लागते कशी

गुजरातमधले कारखाने आणि उरणजवळचं जवाहरलाल नेहरू बंदर यांच्यामधला रस्ता आपल्या तालुक्यातून जातो. १९८९ मध्ये सुरू झालेलं हे बंदर देशातल्या कंटेनर वाहतुकीचं एक मुख्य दार आहे. उत्तरेकडून येणारा ट्रेलर मनोर, खानिवडे, शिरसाड, वसई फाटा, चिंचोटी करत वर्सोवा पुलावर येतो. तिथून घोडबंदर रस्त्याने गायमुख घाट चढून ठाणे, पुढे मुंब्रा–शिळफाटा–कळंबोली आणि मग बंदर. दुसरी वाट चिंचोटीहून कामण, खारबाव, अंजूरफाटा अशी भिवंडीला जाते. याच वाटांवर भिवंडीच्या गोदामांचा माल असतो आणि आपली रोजची वाहनंही असतात.

रांगेला सहसा तीन कारणं एकत्र येतात. पहिलं, घाट आणि दुरुस्ती. गायमुखचा चढ भरलेल्या ट्रेलरला जड जातो. एक गाडी बंद पडली की मागचं सगळं खोळंबतं, आणि रस्त्याचं काम निघालं की मार्गिकाच कमी होतात. दुसरं, अवजड वाहनांना घातलेली वेळेची बंदी. ठाण्याच्या बाजूला ठराविक तासांत अवजड वाहनं बंद केली, की ती बंदी उठेपर्यंत गाड्या आपल्या बाजूला उभ्या राहतात. आदेश एका पोलीस आयुक्तालयाचा आणि रांग दुसऱ्याच्या हद्दीत, असं होतं. गायमुखच्या पलीकडे ठाणे आयुक्तालय. अलीकडे, ऑक्टोबर २०२० मध्ये स्थापन झालेलं मीरा-भाईंदर, वसई-विरार आयुक्तालय. तिसरं कारण उलट्या दिशेने घुसणारी वाहनं. रांग दिसली की दुचाकी, रिक्षा, गाड्या समोरच्या मार्गिकेत शिरतात आणि एका बाजूची कोंडी दोन्ही बाजूंची होते. हे तिसरं कारण आपल्या हातातलं आहे.

रांग मोजायचीही एक सोपी रीत आहे. चाळीस फुटी कंटेनरचा ट्रेलर आणि पुढच्या-मागच्या गाडीतलं अंतर धरलं, तर एक ट्रेलर साधारण वीस मीटर रस्ता खातो. म्हणजे एका मार्गिकेत किलोमीटरला पन्नासेक ट्रेलर. रांगेचं तोंड कुठे आणि शेपूट कुठे, एवढं कळलं की ती किती मोठी आहे याचा अंदाज कुणालाही बांधता येतो. पुढे तक्रार लिहिताना हा हिशेब उपयोगी पडेल.

घरात आजारी माणूस असेल तर

हृदयविकार, पक्षाघात, अपघात, अवघड बाळंतपण यांत पहिला तास मोलाचा असतो. तो तास रस्त्यावर घालवू नका. आधी जवळच्या सुसज्ज रुग्णालयात नेऊन रुग्णाची प्रकृती स्थिर करून घ्या आणि मुंबईला हलवायचं का, हे डॉक्टरांना ठरवू द्या. घाबरून थेट मुंबईची गाडी काढणं अनेकदा जिवावर बेततं. वसईतल्या कोणत्या रुग्णालयात अतिदक्षता विभाग आहे, कुठे रात्री शस्त्रक्रिया होते, कुठे नवजात बालकांची सोय आहे, ही चौकशी आजारपण नसताना करून ठेवा. ती यादी घरातल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये असू द्या आणि एक प्रत फ्रिजवर चिकटवा.

रुग्णवाहिकेसाठी १०८ वर फोन करा. खासगी रुग्णवाहिका बोलावली, तर निघण्याआधी चालकाला दोन प्रश्न विचारा : आत्ता महामार्गाची स्थिती काय आहे आणि ऑक्सिजनचा साठा किती तास पुरेल? नेहमी तासाभरात होणाऱ्या प्रवासाला चार तास लागू शकतात हे धरूनच ऑक्सिजन, औषधं आणि सोबतची परिचारिका यांची व्यवस्था हवी. निघताना ११२ वर फोन करून रुग्णवाहिका कुठून कुठे, कोणत्या मार्गाने निघाली आहे आणि गाडीचा क्रमांक काय, हे पोलिसांना कळवा. अडकल्यावर कळवण्यापेक्षा निघताना कळवलेलं कामाला येतं. महामार्गावर बंद पडलेली गाडी किंवा अपघात दिसला, तर राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचा मदत क्रमांक १०३३ आहे.

रुग्ण चालता-बोलता असेल आणि तपासणीसाठी किंवा ठरलेल्या उपचारासाठी जायचं असेल, तर वसई रोडहून लोकलने बोरिवली किंवा त्यापुढे जाणं बहुतेक वेळा रस्त्यापेक्षा भरवशाचं ठरतं. डायलिसिस किंवा किरणोपचार नियमित चालू असतील, तर रुग्णालयाला तुमची अडचण सांगून गर्दीच्या वेळा टाळून वेळ मागा. आणि आपण स्वतः रांगेत उभे असताना मागून भोंगा ऐकू आला, तर वाट द्या. रुग्णवाहिकेला वाट न देणाऱ्याला मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४-ई नुसार दहा हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं.

रोजची ये-जा

भिवंडी, ठाणे, पनवेलकडे रोज जाणाऱ्यांपैकी अनेकांना वसई रोड–दिवा–पनवेल रेल्वेमार्ग आठवतच नाही. जूचंद्र, कामण रोड, खारबाव, भिवंडी रोड, कोपर, दिवा अशी ही गाडी रस्त्याच्या कोंडीला वळसा घालून जाते. फेऱ्या कमी आहेत, म्हणून वेळापत्रक पाहून निघावं लागतं. प्रवासी वाढले तर फेऱ्या वाढवण्याच्या मागणीलाही वजन येईल. भाईंदरकडे जाण्यासाठी फेब्रुवारी २०२४ पासून वसई–भाईंदर रो-रो बोट आहे. तिच्यात दुचाकी आणि मोटारी नेता येतात. वेळा आणि हवामान पाहूनच तिच्यावर भिस्त ठेवा.

मोटारीने निघणं भागच असेल, तर आदल्या रात्री आणि निघताना असं दोनदा रस्त्याची स्थिती पाहा. फोनवरचा नकाशा कोंडी पाहून एखाद्या गल्लीतून, गावातून वाट काढून देतो. पण तीच वाट तो शेकडो जणांना दाखवत असतो, आणि मग कामणचा किंवा नायगाव–बापाणेचा रस्ताही तुंबतो. गाडीत पाणी, कोरडा खाऊ, घरातल्या वयस्कर माणसाची रोजची औषधं आणि फोन चार्ज करायची सोय ठेवा.

शाळेच्या सहली आणि बस यांबाबत पालकांनी शाळेला लेखी विचारावं : बस कोणत्या रस्त्याने जाणार? त्या दिवशी अवजड वाहनांसाठी काही आदेश आहे का, हे वाहतूक पोलिसांना विचारलं का? अडकल्यास मुलांच्या पाण्याची, खाण्याची, स्वच्छतागृहाची सोय काय? पालकांशी कोण बोलणार? हे प्रश्न विचारले म्हणून कुणी तुम्हाला भांडखोर म्हणणार नाही. म्हटलं तरी विचारा.

रस्त्याकडेची गावं आणि रांगेतली माणसं

माणिकपूरला रांगेची झळ लांबून लागते. ससूनवघर, मालजीपाडा, बापाणे, चिंचोटी, कामण इथल्या लोकांच्या दारातच ती उभी असते. त्यांतल्या अनेकांना गावाबाहेर पडायला याच रस्त्यावर यावं लागतं. पावसात ससूनवघर, मालजीपाड्याजवळ महामार्गावर पाणी साचतं, तेव्हा तर दोन्हीकडून वाट बंद होते. चालू ठेवलेल्या डिझेल इंजिनांचा धूर रात्रभर घरात येतो. डिझेलचा धूर कर्करोगाला निश्चितपणे कारण ठरतो, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्येच जाहीर केलं आहे. दम्याचा त्रास असलेल्यांनी रांग असताना रस्त्याकडच्या खिडक्या बंद ठेवाव्यात, लहान मुलांची झोपायची खोली मागच्या बाजूला घ्यावी आणि दारात उभ्या असलेल्या चालकाला इंजिन बंद ठेवण्याची विनंती करावी. नीट बोललं तर बहुतेक चालक ऐकतात.

चालकही माणूसच आहे. ट्रेलरच्या सावलीत छोटा स्टोव्ह पेटवून दोघं-तिघं भात शिजवताना दिसतात. अंघोळीला पाणी नाही, शौचाला जागा नाही, आणि पुढची गाडी हलली की अर्धवट शिजलेलं पातेलं उचलून पळायचं. जहाजात कंटेनर चढवण्याची मुदत चुकली, तर मालक विचारणार. अनेकांना पैसे फेरीवर मिळतात, म्हणजे रांगेतला दिवस फुकट. त्यांच्याशी भांडून रांग हलत नाही. रस्त्याकडेच्या सोसायट्या आणि मंडळांनी पाण्याची एक टाकी बाहेर ठेवली, तर चालकाची सोय होते आणि आपल्या भिंतींचा आडोसाही कमी शोधला जातो. शिवाय रांग पुढे कुठे अडली आहे, याची सर्वांत ताजी खबर त्यांच्याकडेच असते.

तक्रार कुणाकडे, कशी

आपली तक्रार बहुतेक वेळा चुकीच्या टेबलावर जाते आणि तिथेच राहते. म्हणून आधी रस्ता कुणाचा ते पाहा.

* मुंबई–अहमदाबाद महामार्ग (राष्ट्रीय महामार्ग ४८) : खड्डे, काँक्रिटीकरण, सेवा रस्ते, पाण्याचा निचरा, क्रेन यांसाठी राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण.
* चिंचोटी–कामण–भिवंडी रस्ता : सार्वजनिक बांधकाम विभाग.
* माणिकपूर, नवघर, गोखिवरे इथले शहरातले रस्ते : २००९ मध्ये स्थापन झालेली वसई-विरार शहर महानगरपालिका.
* वाहतूक वळवणं, अवजड वाहनांच्या वेळा, उलट्या दिशेच्या वाहनांवर कारवाई : पोलीस आयुक्तालयाची वाहतूक शाखा.
* या सगळ्यांना एका टेबलाशी आणणं : जिल्हाधिकारी. जिल्हा रस्ता सुरक्षा समितीचं अध्यक्षपद त्यांच्याकडे असतं.

अर्ज छोटा आणि नेमका असावा. नमुन्यादाखल :

«दिनांक … रोजी सकाळी … वाजता मुंबई–अहमदाबाद महामार्गावर मुंबईच्या दिशेने अवजड वाहनांची रांग होती. रांगेचे तोंड … येथे व शेवट … येथे होता. ती … वाजेपर्यंत कायम होती. या काळात … क्रमांकाची रुग्णवाहिका … मिनिटे अडकली. त्या वेळी … या ठिकाणी वाहतूक पोलीस अथवा क्रेन नव्हती. छायाचित्रे सोबत जोडली आहेत. याबाबत केलेली कार्यवाही लेखी कळवावी.»

“रोज कोंडी असते, काहीतरी करा” अशा अर्जाला उत्तर देणं अधिकाऱ्याला सोपं जातं. ठिकाण, वेळ आणि छायाचित्र असलेल्या अर्जाला तितकं सोपं जात नाही. अर्जाच्या प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का घ्या. पोच नसलेला अर्ज दिला नाही असंच धरा. ‘आपले सरकार’ संकेतस्थळावरही तक्रार नोंदवा. उत्तर आलं नाही तर माहितीचा अधिकार वापरा. दहा रुपये शुल्क आणि तीस दिवसांची मुदत. मागायचं काय, तर गेल्या वर्षभरात अवजड वाहनांबाबत काढलेल्या सर्व आदेशांच्या प्रती, त्यांची पूर्वप्रसिद्धी कशी केली त्याचा तपशील, आणि महामार्गाच्या कंत्राटात क्रेन व रुग्णवाहिका ठेवण्याबाबत काय अटी आहेत त्यांची प्रत.

प्रसिद्धीचा मुद्दा धरून ठेवा, तो कायद्यातला आहे. वाहनांवर बंदी घालण्याचा अधिकार मोटार वाहन कायद्याच्या कलम ११५ मध्ये आहे. महिन्याच्या आतल्या बंदीला राजपत्रात अधिसूचना लागत नाही, पण परिस्थितीनुसार स्थानिक पातळीवर तिची प्रसिद्धी करावी, असं तेच कलम सांगतं. आदेश आदल्या रात्री निघाला आणि सकाळी गावाला रांग पाहून कळला, तर ही प्रसिद्धी कुठे झाली, असा प्रश्न विचारायचा आपल्याला पूर्ण हक्क आहे.

आणि एकट्याने जाऊ नका. माणिकपूरच्या दहा सोसायट्या, दोन शाळा, एक डॉक्टरांची संघटना, वालीवचे चार कारखानदार आणि ससूनवघरचे गावकरी यांनी मिळून दिलेलं एक पत्र शंभर सुट्या पत्रांहून वजनदार ठरतं. कोंडीने ज्यांचं नुकसान होतं, ती माणसं एरवी एकमेकांना भेटतही नाहीत. त्यांना एकत्र बसवणं हे पहिलं काम.

मागायचं नेमकं काय

“कोंडी सोडवा” ही मागणी नाही. मागण्या अशा हव्यात :

१. रांग आपल्या वस्तीत येण्याआधी, उत्तरेकडे मोकळ्या जागी ट्रेलरसाठी वाहनतळ. तिथे पाणी, शौचालय, जेवणाची सोय असावी, आणि ठाण्याची बंदी उठेल तशा गाड्या तुकड्यांनी सोडाव्यात.

२. दुरुस्ती किंवा बंदीचा आदेश काढण्याआधी दोन्ही पोलीस आयुक्तालयांची आणि रस्त्याच्या मालक यंत्रणांची संयुक्त बैठक, आणि शाळा व रुग्णालयांना आगाऊ सूचना.

३. गायमुख, वर्सोवा पूल आणि मालजीपाडा परिसरात अवजड ट्रेलर ओढू शकणाऱ्या क्रेन कायम उभ्या.

४. ठराविक अंतरावर रुग्णवाहिकेला बाजू बदलता येईल अशी, पोलीस पहाऱ्याखालची वाट. बाकी सर्व ठिकाणी उलट्या दिशेला पक्की अडवणूक.

५. ससूनवघर–मालजीपाडा पट्ट्यात सलग सेवा रस्ता आणि पावसाळ्यापूर्वी मोऱ्यांची सफाई.

यांतली कोणतीही मागणी जगावेगळी नाही. नायजेरियातल्या लागोस शहरात आपापा बंदराकडे जाणाऱ्या ट्रकांच्या रांगा दिवसच्या दिवस शहराचे रस्ते अडवून धरत. फेब्रुवारी २०२१ पासून तिथे ट्रकने आधी ठरलेल्या तळावर थांबायचं आणि बोलावणं आल्यावरच बंदराकडे निघायचं, अशी संगणकीय पद्धत सुरू झाली. अडचणी संपल्या नाहीत, पण ट्रकने कुठे थांबायचं हे ठरलं. कॅलिफोर्नियात २००२ च्या कायद्याने बंदराच्या टर्मिनललाच दंड लावला. दारात ट्रक अर्ध्या तासाहून जास्त इंजिन चालू ठेवून खोळंबला, तर गुन्हा ट्रकवाल्याचा नाही, टर्मिनलचा. त्यानंतर २००५ पासून लॉस एंजेलिस आणि लाँग बीच बंदरांतल्या टर्मिनलांनी रात्रीच्या पाळ्या वाढवल्या. वाट पाहायला लावणाऱ्याने वाट पाहण्याची किंमत द्यावी, हे तत्त्व आपल्याकडेही मागता येतं. उरणलाही जासई, करळ फाट्याच्या लोकांनी वर्षानुवर्षं हाच त्रास काढला, आणि बंदराने ट्रेलरसाठी मध्यवर्ती वाहनतळ उभारला.

रेल्वेचा आग्रहही सोडू नये. समर्पित मालवाहतूक मार्गावर दोन मजली कंटेनर घेऊन जाणाऱ्या पंचेचाळीस डब्यांच्या एका गाडीत चाळीस फुटी नव्वद कंटेनर बसतात. वरच्या हिशेबाने जवळपास दोन किलोमीटरची ट्रेलरची रांग त्या एका गाडीत जाते. या मार्गाचा आपल्या भागातून जाणारा वैतरणा ते जवाहरलाल नेहरू बंदर हा शेवटचा टप्पाच सर्वांत जास्त रखडला. खासदार, आमदारांना भेटाल तेव्हा या टप्प्याचं आणि त्यावरून चालणाऱ्या गाड्यांचं नेमकं विचारा.

वाढवणच्या आधी

याच जिल्ह्यात डहाणूजवळ वाढवण बंदर होत आहे. जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरमध्ये पायाभरणी झाली. प्रकल्पाचा खर्च ७६,२२० कोटी रुपये; जवाहरलाल नेहरू बंदर प्राधिकरणाचा वाटा ७४ टक्के, महाराष्ट्र सागरी मंडळाचा २६ टक्के. प्रत्येकी एक हजार मीटर लांबीची नऊ कंटेनर टर्मिनलं नियोजित आहेत. बंदराला महामार्गांशी जोडायला सुमारे ३२ किलोमीटरचा रस्ता आखला आहे. मच्छीमार आणि स्थानिकांचा विरोध वर्षानुवर्षांचा आहे, त्यांचे प्रश्न वेगळे आणि मोठे आहेत. पण त्या बंदराचा माल मुंबई-ठाण्याकडे येणार असेल, तर तो आपल्या तालुक्यातूनही जाणार, आणि म्हणून बोलण्याचा हक्क आपलाही आहे.

या बंदराच्या बाबतीत आपल्याकडे अजून वेळ आहे. उरणकरांना वाहनतळ बंदर सुरू झाल्यावर, माणसं गमावल्यावर मिळाला. आपण तो आधी मागू शकतो : किती ट्रेलर रोज रस्त्याने येणार, किती रेल्वेने? ते कुठे थांबणार? मनोर ते वर्सोवा पट्ट्यावर भार किती वाढणार आणि त्याचा अभ्यास केलाय का? हे प्रश्न लेखी स्वरूपात वाढवण प्रकल्पाच्या कंपनीला आणि जिल्हाधिकाऱ्यांना आत्ताच पाठवले पाहिजेत. रस्ता बांधून झाल्यावर त्याच्या कडेला वाहनतळासाठी जमीन मिळत नाही. ती आराखड्यातच राखून ठेवावी लागते.

येत्या महिन्यात एवढं करा. घरात रुग्णालयांची यादी लावा. सोसायटीच्या पुढच्या सभेत या पाच मागण्या विषयपत्रिकेवर घ्या आणि ठराव करा. तो ठराव घेऊन शेजारच्या दोन सोसायट्यांकडे जा. तिन्ही सोसायट्यांच्या सह्यांचं पत्र जिल्हाधिकारी कार्यालयात द्या, पोच घ्या, आणि तीस दिवस मोजायला लागा.